छत्र्या उतरायला लागल्या की लोक भेळ घ्यायला का उठतात?

तिठ्यावरचा

शीर्षक जरा चिडून दिलंय, पण खरं आहे. हवाई प्रात्यक्षिकं बघून आलेल्या कुणालाही विचारा, काय आवडलं? सुखोई म्हणेल, सूर्यकिरणच्या विमानांच्या कसरती म्हणेल, फार तर सारंगची हेलिकॉप्टरं म्हणेल. आकाशगंगाचं, म्हणजे पॅराशूटने उतरणाऱ्या छत्रीवाल्यांचं, नाव कुणाच्या तोंडी येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये १२ ते १४ तारखेला मरीन ड्राइव्हवर वायुदलाचा कार्यक्रम होता. जाहीर झालेल्या यादीत सूर्यकिरण, सारंग, सी-१३० आणि सुखोईच्या जोडीला आकाशगंगाही होती. माझ्या शेजारी बसलेले एक काका यादी वाचून बायकोला म्हणाले, "छत्रीवाले येतील तेव्हा तू जागा धर, मी भेळ घेऊन येतो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आकाशगंगा हा भारतीय वायुदलाचा पॅराशूट प्रात्यक्षिक संघ. मुक्काम आग्रा, स्थापना १० ऑगस्ट १९८७. सूर्यकिरण १९९६ चा आणि सारंग २००३ चा, म्हणजे तिघांत हाच सगळ्यात जुना. आणि प्रसिद्धीत सगळ्यात मागे.

माझा मुद्दा असा. विमानाला एखादी फेरी जमली नाही तर वैमानिक वळून परत येतो. त्याच्याकडे इंजिन आहे, इंधन आहे. छत्रीवाल्याने एकदा दार सोडलं की संपलं. उंची खर्च होत जाणार आणि ती परत मिळणार नाही. त्या चार-पाच मिनिटांत त्याने ठरलेल्या चौकोनात, गर्दीसमोर, पायांवर उतरायचं. मग ही मधल्या वेळची करमणूक कशी?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. उडी नेमकी कुठे मारायची हे कोण ठरवतं, एकमेकांवर आदळत कसे नाहीत, आणि एवढा मोठा झेंडा घेऊन कसे उतरतात?

सुपातला

कारण सोपं आहे. छत्रीला आवाज नसतो. सुखोई डोक्यावरून गेला की छातीत धडधडतं, पोरं किंचाळतात. छत्री म्हणजे लांबवर एक ठिपका, तो हळूहळू मोठा होतो आणि शेवटी एक माणूस चालत निघून जातो. यात प्रेक्षकांचा काय दोष?

दुसरं म्हणजे, हे सगळं करदात्यांच्या पैशातून. लढाईत कोण रंगीत छत्र्या आणि धूर सोडत उतरणार आहे? दिसेल तिथे गोळी घालतील.

नेरळ लोकल

काका भेळ घेऊन परत आले का? धाग्यात पुढे काहीच नाही त्याचं.

हवाईतळ

तिठ्यावरचा, धागा चांगला काढलात. मी वायुदलात जमिनीवरच्या कामाला होतो, आग्र्यालाही होतो. उड्या मी मारलेल्या नाहीत, हे आधीच सांगतो. उड्या मारणाऱ्यांना विमानात चढवणाऱ्यांपैकी मी.

सुपातला यांच्या करदात्यांपासूनच सुरू करतो. आकाशगंगातली मंडळी फक्त जत्रेपुरती पाळलेली नाहीत. आग्र्याला वायुदलाची पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल आहे, बोलताना सगळे पीटीएस म्हणतात. लष्कराचे मरून टोपीवाले पॅराट्रूपर छत्री शिकायला तिथेच येतात. नौदलाचे मार्कोस आणि वायुदलाचे गरुड हे कमांडोही तिथेच. शिकवणारे वायुदलाचे, त्यांना पीजेआय म्हणतात, म्हणजे पॅराशूट जंप इन्स्ट्रक्टर. आकाशगंगा संघ या मास्तरांचा आहे. वर्गात जे शिकवतात तेच चौपाटीवर करून दाखवतात. त्यामुळे करदात्यांच्या पैशाचा प्रश्न त्यांना लागू होत नाही.

आता शिकाऊ सैनिकाची उडी आणि यांची उडी यात फरक काय ते बघा. शिकाऊ सैनिक साधारण १२५० फुटांवरून उडी मारतो. त्याच्या छत्रीचा पट्टा विमानातल्या तारेला अडकवलेला असतो. दार सोडलं की पट्टा ताणला जाऊन छत्री आपोआप उघडते. ही स्टॅटिक लाइन. छत्री गोल घुमटासारखी, वारा नेईल तिकडे जाणारी, दिशा देण्याची सोय जेमतेम. जमिनीवर आपटताना पाय जुळवून, गुडघे वाकवून, कुशीवर लोळण घ्यायची हे तिथे पहिल्या दिवसापासून घटवून घेतात. छत्री नसते तेव्हाही, नुसत्या ओट्यावरून उड्या मारायला लावून.

आकाशगंगाचे लोक बरेच वरून सुटतात, सात-आठ हजार फुटांवरून म्हणा. आधी काही सेकंद छत्रीशिवाय पडतात, मग स्वतःच्या हाताने छत्री उघडतात. ही छत्री आयताकृती असते, आतून कप्पे, समोरून हवा शिरते आणि ती फुगून चक्क पंखासारखी होते. ती नुसती खाली येत नाही, पुढे जाते. ताशी ३०-४० किलोमीटर पुढे. दोन हातांत दोन टॉगल, म्हणजे दोरीला लावलेल्या मुठी. डावा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे, जमिनीच्या अगदी जवळ दोन्ही एकदम ओढले की वेग मोडतो आणि माणूस जिना उतरल्यासारखा उतरतो. याला फ्लेअर म्हणतात. सुपातला, तुम्ही "शेवटी एक माणूस चालत निघून जातो" लिहिलंत ना, तो फ्लेअर बरोबर बसल्यामुळे चालत जातो. दहा फूट आधी ओढला तर छत्री वरच थबकते आणि माणूस दाणकन खाली येतो. उशिरा ओढला तर घोटा गेला.

लढाईत रंगीत छत्र्या नसतात हे कबूल. पण रात्रीच्या वेळी खूप उंचावरून बाहेर पडून याच प्रकारच्या छत्रीने काही किलोमीटर तरंगत शत्रूच्या मागे उतरणं, हे विशेष दलांचं रोजचं शिक्षण आहे. छत्रीचा रंग बदलतो, हात तेच चालतात.

वातकुक्कुट

उडी कुठे मारायची याचं उत्तर माझ्या आवडीचं आहे. हवामान हा माझा पेशा. छत्री हा नाही, पण एका स्कायडायव्हर मित्राबरोबर यावर बरीच डोकेफोड केलीय.

याला स्पॉटिंग म्हणतात. गणित पाचवीतल्या मुलाला येईल, अडचण असते ती आकडे कुठून आणायचे याची. समजा छत्री ४००० फुटांवर उघडली, म्हणजे साधारण १२०० मीटर. सेकंदाला पाच मीटर खाली आली तर चार मिनिटं हवेत. वारा ताशी २० किलोमीटर असेल तर तेवढ्या वेळात तो माणसाला सव्वा-दीड किलोमीटर ढकलतो. त्याआधी २०-२५ सेकंद नुसतं पडताना वरच्या वाऱ्याने दोन-तीनशे मीटर सरकवलेलं असतं. विमानाचा वेग सुटलेल्या माणसाला पुढे फेकतो तो वेगळाच. ही सगळी बेरीज उलटी लावायची आणि तेवढं वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन दार सोडायचं. दहा सेकंद उशीर म्हणजे विमान अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे गेलेलं. त्यामुळे शेवटून सुटणाऱ्याचं गणित पहिल्याहून वेगळं.

पण वारा एक नसतो. मरीन ड्राइव्हचंच घ्या. जानेवारीत सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो. ऊन चढलं की दुपारी समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. हा खारा वारा जाडीला फार नसतो, काही शे मीटर, फार तर हजारेक. त्याच्या वर पुन्हा उत्तरेकडचा नाहीतर पूर्वेकडचा वारा असू शकतो. म्हणजे छत्री उघडते तेव्हा माणूस एका वाऱ्यात आणि उतरतो दुसऱ्या वाऱ्यात. मध्येच कुठेतरी तो या वाऱ्यातून त्या वाऱ्यात शिरतो.

हे प्रेक्षकाला दिसतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. त्यांच्या पायाला धुराची नळकांडी असतात. धुराची रेघ सरळ उतरत असते आणि एका ठराविक उंचीवर सगळ्यांची रेघ एकाच बाजूला मुडपते. तिथे वारा बदललेला असतो. पुढच्या वेळी काकांना भेळ घ्यायला जाण्याआधी एवढं बघायला सांगा.

आणखी एक. छत्री नेहमी वाऱ्याला सामोरं जाऊन उतरवतात, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेग कमी होतो. दुपारी मरीन ड्राइव्हवर वारा समुद्राकडून, म्हणून शेवटचं तोंड समुद्राकडे आणि पाठ इमारतींकडे. हे बरं, कारण इमारतींचे भोवरे मागे राहतात. हाच कार्यक्रम पहाटे ठेवला तर वारा इमारतींवरून येईल, भोवरे बरोबर उतरण्याच्या जागी, आणि छत्रीचा अर्धा भाग अचानक मिटू शकतो. म्हणून शहरातला कार्यक्रम मोकळ्या माळावरच्या उडीपेक्षा अवघड. माळावर शंभर मीटर चुकलात तर शंभर मीटर चालत येता. शहरात शंभर मीटर चुकलात तर विजेची तार, गच्ची, नाहीतर गर्दी.

केळफूल

वातकुक्कुट, वाचनखूण साठवली. धुराचं हे कधीच लक्षात आलं नव्हतं, मला वाटायचं धूर शोभेसाठी.

मला प्रश्न टकरीचा पडलाय. सात-आठ जण एकाच वेळी एकाच चौकोनाकडे येतात. रस्त्यावर सिग्नल असूनही आपण आपटतो.

आणि वारा जास्त असेल तर? लाखभर लोक जमलेत, मंत्री खुर्चीत बसलेत, तरी रद्द करतात?

हवाईतळ

केळफूलताई, दुसऱ्याचं आधी. हो, रद्द करतात. विमान वर गेलेलं असतं, दार उघडलेलं असतं, खालून निरोप येतो आणि सगळे विमानासकट परत येतात. खाली माणूस उभा असतो, त्याच्याकडे वारा मोजायचं यंत्र असतं, त्याचा शब्द शेवटचा. निवेदक तेव्हा "तांत्रिक कारणास्तव" म्हणतो आणि लोक हुर्यो करतात. आग्र्याला असताना मी असे परत आलेले लोक बघितलेत. अंगावर सगळा सरंजाम, घामाने निथळलेले, कुणी कुणाशी बोलत नाही. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यावर कुरकुर ऐकली नाही. उडी न मारणं हाही त्या कामाचाच भाग आहे, फक्त त्याला टाळ्या मिळत नाहीत.

आता टक्कर. क्रम विमानातच ठरतो. छत्र्या उघडल्यावर ते एकमेकांच्या वर-खाली रांग लावतात. वरचा टॉगल ओढून, म्हणजे ब्रेक धरून, सावकाश येतो, खालचा मोकळा सोडतो, त्यामुळे अंतर राहतं. सगळ्यात खालचा पहिला उतरतो आणि लगेच छत्री गोळा करून बाजूला होतो, तोवर दुसरा येतोच. नियम एकच: खाली असलेल्याचा हक्क पहिला, कारण वरच्याला खालचा दिसतो, खालच्याला वरचा दिसत नाही. छत्रीच आड येते.

तरी होतं. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला विशाखापट्टणमला आर. के. बीचवर नौदलाच्या प्रात्यक्षिकाची रंगीत तालीम होती. दोन अधिकाऱ्यांच्या छत्र्या एकमेकांत अडकल्या, एकाकडे तिरंगा होता. दोघे गोल फिरत किनाऱ्याजवळ समुद्रात पडले. नौदलाच्या बोटी तयारच होत्या, त्यांनी लगेच उचललं, दोघे सुखरूप. चित्रफीत खूप फिरली तेव्हा. लोकांना पडणारे दोघे दिसले. मला त्या बोटी दिसल्या. तालमीलासुद्धा त्या जागेवर होत्या.

झेंड्याचं राहिलं. झेंडा माणसाच्या खाली लोंबतो, खालच्या कडेला वजन असतं म्हणून तो ताठ राहतो. पण मोठं कापड म्हणजे हवेत ओढ. छत्री जड होते, वळायला आळस करते. म्हणून झेंडा नवख्याकडे देत नाहीत. खाली दोघे-चौघे धावत येऊन झेंडा जमिनीला लागायच्या आत झेलतात. तीही वेगळी कसरतच, तिकडेही कुणी बघत नाही.

मिडलँड्सकर

इंग्लंडातून लिहितोय. इथे उन्हाळ्यात दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे एअर शो असतो आणि दोन संघ हमखास दिसतात: लष्कराच्या पॅराशूट रेजिमेंटचे रेड डेव्हिल्स आणि रॉयल एअर फोर्सचे फाल्कन्स. हवाईतळ यांनी मास्तरांचा संघ म्हटलं तेव्हा ट्यूब पेटली. फाल्कन्सही अगदी तसेच, सगळे पॅराशूट जंप इन्स्ट्रक्टर. १९६१ मध्ये सहा जणांनी सुरू केलं, आता मुक्काम ब्राइझ नॉर्टनच्या हवाई तळावर. इथेही लष्कराच्या सैनिकाला छत्री वायुदलच शिकवतं. भारतात हीच व्यवस्था कशी आली हे वेगळं सांगायला नको.

फाल्कन्सची खासियत म्हणजे ते एकाखाली एक अशी छत्र्यांची उतरंड लावतात आणि ती उतरंड तशीच्या तशी वळते. कॅनडाचे स्कायहॉक्स तर वरच्याचे पाय खालच्याच्या छत्रीच्या दोऱ्यांत अडकवून मुद्दाम चिकटतात. आपल्याकडे जी दुर्घटना, ती यांची कला. अर्थात सरावाने.

रेड डेव्हिल्सचा किस्सा सांगतो. २०१५ मध्ये व्हाइटहेवनला एअर शो होता, समुद्राकाठचं गाव. एकाच्या छत्रीची गडबड झाली आणि ती मिटली. त्याच्या सोबत्याने त्याला हवेतच धरून ठेवलं आणि दोघे एका छत्रीवर खाली आले. गोदीच्या पाण्यात उतरले, जमिनीवर नाही, हे शहाणपण. गर्दीतल्या पुष्कळांना वाटलं की हे कार्यक्रमातच आहे. टाळ्या पडल्या म्हणे.

सुपातला

बोटी आणि गोदी ठीक आहे, पण सगळेच वाचत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये आग्र्याला आकाशगंगातल्याच एका वॉरंट ऑफिसरचा डेमो ड्रॉपच्या, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या उडीच्या, वेळी मृत्यू झाला. छत्री वेळेत उघडली नाही अशी बातमी होती. आणि तो शिकाऊ नव्हता, शिकवणारा होता. फेब्रुवारीतही तिथेच एक गेला. माझा विरोध पैशासाठी नाही, तो मुद्दा मी मागे घेतो असं समजा. पण प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी हा धोका कशाला, हे मला अजून कुणी पटवलेलं नाही.

हवाईतळ

पटवणारही नाही. ती बातमी आली तेव्हा जुन्या लोकांचे फोन रात्री उशिरापर्यंत चालू होते.

फक्त माहिती म्हणून लिहितो. माणसाच्या पाठीवर दोन छत्र्या असतात, मुख्य आणि राखीव. मुख्य बिघडली तर ती कापून सोडायची आणि राखीव उघडायची. नुसती राखीव उघडून चालत नाही, दोन्ही गुंतल्या तर दोन्ही गेल्या. हा निर्णय घ्यायला मिळतात काही सेकंद, कारण छत्रीशिवाय माणूस ताशी दोनशेच्या घरात पडत असतो, हजार फूट साडेपाच-सहा सेकंदांत. एक स्वयंचलित यंत्रही असतं. ठराविक उंचीखाली माणूस अजून वेगात पडतोय असं दिसलं की ते स्वतःच राखीव उघडतं. एवढं सगळं असून जे घडतं ते घडतं. आणि ते दोघे आग्र्यालाच गेले, म्हणजे जिथे ते रोज काम करायचे तिथेच. चौपाटीवरचा कार्यक्रम बंद केल्याने ती जोखीम जात नाही, कारण शिकवणं बंद होत नाही.

केळफूल

सुपातला यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. आणि हवाईतळकाकांचं उत्तरही. दोन्ही राहू देत.

अनुस्वार

छत्रीचा खेळ प्रेक्षकांसमोर करणं वायुदलाहून जुनं आहे, म्हणून थोडा इतिहास.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी परदेशी बलूनवाले तिकीट लावून हिंदुस्थानात फिरत. बलून वर न्यायचं आणि तिथून छत्रीने उडी घ्यायची. कोलकात्याचे रामचंद्र चटर्जी त्यांच्याकडूनच शिकले आणि १८९० मध्ये त्यांनी छत्रीने उडी घेतली. १८९२ मध्ये ढाक्याच्या नवाबाच्या बोलावण्यावरून व्हॅन टासेल मंडळी आली. जीनेट व्हॅन टासेल हिने उडी घेतली, वाऱ्याने तिला एका झाडावर नेऊन अडकवलं, बांबू लावून उतरवताना ती पडली आणि काही दिवसांनी गेली. तिची कबर ढाक्यात आहे. वातकुक्कुट यांचं सव्वा किलोमीटरचं गणित तेव्हा कुणी मांडत नव्हतं.

लष्करी छत्री आली १९४१ मध्ये. दिल्लीच्या विलिंग्डन विमानतळावर, म्हणजे आजच्या सफदरजंगला, एअरलँडिंग स्कूल सुरू झालं. पुढे ते रावळपिंडीजवळ चकलाल्याला गेलं आणि फाळणीनंतर आपलं शिक्षण आग्र्याला आलं. उडी मारणाऱ्या पहिल्या भारतीय सैनिकांत लेफ्टनंट रंगराज होते, पेशाने डॉक्टर. हेच रंगराज पुढे कोरियात ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्सचे प्रमुख होते. मार्च १९५१ मध्ये मुन्सानला अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर त्यांच्या पथकातल्या भारतीयांनीही उडी घेतली. त्यांना महावीरचक्र मिळालं.

आणि मराठी माणसाला माहीत हवं असं: ११ डिसेंबर १९७१ ला, आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलला जी उडी झाली, पुंगली पूल ताब्यात घ्यायला, ती २ पॅराची. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची. तिथे रंगीत छत्र्या नव्हत्या, निवेदकही नव्हता. डकोटा, पॅकेट, कॅरिबू, एएन-१२, जे विमान हाताशी होतं त्यातून माणसं सोडली.

वायुदलातल्या पहिल्या महिला पॅराट्रूपर म्हणजे डॉ. गीता चंदा, १९५९. त्याही डॉक्टरच. छत्री आणि वैद्यकीचं हे जुनं नातं कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.

नेरळ लोकल

एवढा इतिहास झाला आणि धोनीचा उल्लेख नाही? ऑगस्ट २०१५, आग्रा, एएन-३२, १२५० फूट, मलपुऱ्याचं मैदान. मानद लेफ्टनंट कर्नल असून पाचही उड्या रीतसर मारल्या आणि छातीवर पॅराट्रूपरच्या विंग्ज लावल्या. शिकवलं कुणी? या मास्तरांनीच. म्हणजे धोनीचे गुरू भेळेच्या वेळेत उतरतात आणि आपण बघत नाही.

सी सर्टिफिकेट

एनसीसीतल्या मुलामुलींनाही आग्र्याच्या पॅरा कोर्सला पाठवत. आमच्या कॉलेजातली एक सीनियर जाऊन आली होती. आम्ही सगळ्या तिच्याभोवती बसून विचारायचो की भीती वाटली का. ती म्हणायची, दारात उभं राहिल्यावर भीती वाटायला वेळच नसतो, मागून रांग ढकलत असते. भीती वाटते ती आदल्या रात्री, आणि पहिल्यापेक्षा दुसऱ्या उडीच्या आदल्या रात्री जास्त, कारण आता काय होणार ते माहीत असतं.

पुण्याच्या शीतल महाजन यांचं नाव या धाग्यात यायलाच हवं. त्या लष्करी नाहीत, नागरी स्कायडायव्हर, पण २००४ मध्ये आयुष्यातली पहिली उडी त्यांनी थेट उत्तर ध्रुवावर घेतली. २००६ मध्ये अंटार्क्टिका, २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी, २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. नऊवारीच्या फोटोवर लोक "वा वा" करून थांबले. ताशी दोनशेच्या वाऱ्यात नऊ वार कापड जागेवर ठेवायचं म्हणजे काय, हे हवाईतळकाकांनी झेंड्याबद्दल लिहिलंय ते वाचून मला आता कळतंय.

मिडलँड्सकर

अवांतर, पण राहवत नाही. अमेरिकेच्या लष्कराचे गोल्डन नाइट्स, १९५९ पासूनचा संघ. एप्रिल २०२२ मध्ये वॉशिंग्टनला बेसबॉलच्या सामन्याआधी ते स्टेडियममध्ये उतरणार होते. त्यांचं विमान आकाशात घिरट्या घालत होतं आणि कॅपिटलच्या पोलिसांना त्याची खबरच नव्हती. त्यांनी धोका समजून अख्खी संसद रिकामी केली. तिकडे छत्रीवाले ठरल्याप्रमाणे मैदानात उतरून प्रेक्षकांना हात हलवत होते. चूक विमान वाहतूक खात्याची निघाली, त्यांनी पोलिसांना कळवलंच नव्हतं.

छत्र्यांकडे कुणी बघत नाही, ही तक्रार तिथे चालणार नाही.

सुपातला

हे मात्र भारी.

तिठ्यावरचा

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या अपेक्षेपेक्षा बराच वर गेला. मला पुन्हा बघायचंय, या वेळी धुराकडे डोळे लावून. घरच्यांना घेऊन जायचंय, आई सत्तरीची आहे. वायुदल दिन ८ ऑक्टोबरचा, पण हल्ली जागा बदलत असते: २०२२ ला चंदीगड, २०२३ ला प्रयागराज, २०२४ ला चेन्नई. कुठे जावं?

हवाईतळ

आईंना घेऊन मुख्य दिवशी जाऊ नका. चेन्नईला ६ ऑक्टोबर २०२४ ला मरीना किनाऱ्यावर लाखोंची गर्दी झाली, ऊन रणरणतं, कार्यक्रम संपल्यावर बाहेर पडायला वाट नाही, आणि पाच माणसं दगावली. वर सगळं व्यवस्थित पार पडलं, जे झालं ते खाली. तालमी आधीचे दोन-तीन दिवस होतात, बऱ्याचदा उघड्यावरच. गर्दी कमी. उड्या त्याच, माणसं तीच. नाहीतर बेंगळुरूचा एअरो इंडिया, विषम वर्षी फेब्रुवारीत, येलहंकाला. तिथे निदान बसायला सोय असते.

उभं राहताना सूर्य पाठीशी घ्या. विमान दिसलं की विमानाकडे बघत बसू नका, त्याच्या मागे बघा. ठिपके तिथे सुटतात.

केळफूल

आणि पाणी घरून न्या. मरीन ड्राइव्हला कार्यक्रम संपेपर्यंत आमच्याजवळचं संपलं होतं, आणि जवळपास मिळत होती ती फक्त भेळ.

नेरळ लोकल

काका सापडले!!